मानेचा एमआरआय : आधी प्रश्न, मग पद्धत

मानेच्या मणक्यांचा एमआरआय सांगितला की बहुतेक जण दोन गोष्टी विचारतात : खर्च किती आणि वेळ किती. तिसरी गोष्ट सहसा कोणी विचारत नाही, आणि निदानाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची असते : या तपासणीतून नेमके काय शोधायचे आहे?

यंत्रात पडून राहण्याच्या त्या वीस-तीस मिनिटांत मानेच्या चार-सहा वेगवेगळ्या चित्रमालिका घेतल्या जातात. रेडिओलॉजीत प्रत्येक मालिकेला ‘सिक्वेन्स’ म्हणतात. एका सिक्वेन्समध्ये पाणी चमकते, दुसऱ्यात चरबी. एकात मज्जारज्जू उत्तम दिसतो, पण हाडाचा काटा आणि चकती यांतला फरक कळत नाही. दुसऱ्यात तो फरक कळतो, पण नसेची वाट आहे त्यापेक्षा अरुंद भासते. सर्व प्रश्नांची उत्तरे देणारा एकच सिक्वेन्स आजवर तयार झालेला नाही. म्हणून एकाच मानेचे दोन केंद्रांवर काढलेले दोन एमआरआय वेगळे असू शकतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबरही असू शकतात.

कोणती पद्धत घ्यायची हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. पण त्यामागचा विचार रुग्णाला आणि घरच्यांना कळला, तर चिठ्ठीवर योग्य माहिती येते, पुन्हा एमआरआय काढण्याची वेळ टळते आणि रिपोर्ट हातात आल्यावर नाहक घाबरायला होत नाही.

मानेत काय पाहायचे असते?

मानेत ७ मणके असतात, सी-१ ते सी-७. पहिल्या दोन मणक्यांच्या मध्ये चकती नसते. दुसऱ्याच्या खालून प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. मणक्यांच्या मागच्या बाजूला हाडांची नळी तयार होते आणि तिच्यातून मज्जारज्जू खाली जातो. प्रौढ माणसात ही नळी पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असते, रज्जू सुमारे ८ मिलिमीटर. उरलेल्या जागेत पाण्यासारखा मेरुद्रव असतो. नळी १३ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर ती अरुंद मानतात आणि १० मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर रज्जूला धोका बराच वाढतो.

रज्जूपासून मानेत नसांच्या ८ जोड्या निघतात. प्रत्येक नस दोन मणक्यांमधल्या एका छोट्या खिडकीतून बाहेर पडते. ही खिडकी सरळ बाजूला उघडत नाही. ती पुढे आणि बाहेर, सुमारे ४५ अंशांच्या तिरक्या दिशेत असते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे पद्धतींची तुलना करताना ती कामी येते.

मानेच्या झिजेचे दोन मुख्य परिणाम होतात. पहिला, खिडकीत नस दबणे. मग दुखणे एका हातात ठरावीक वाटेने उतरते. सी-५ आणि सी-६ यांच्या मधली नस दबली तर अंगठ्याकडे मुंग्या जातात, त्याखालची दबली तर मधल्या बोटाकडे. दुसरा परिणाम अधिक गंभीर : नळीतला रज्जूच दबणे. यात दुखणे कमी किंवा अजिबात नसूही शकते. शर्टाची बटणे लावता न येणे, अक्षर बिघडणे, हातातून वस्तू निसटणे, चालताना तोल जाणे, पाय ताठ वाटणे, पुढे लघवीवरचा ताबा सुटणे अशी ही लक्षणे असतात. या दोन तक्रारींसाठी एमआरआयमध्ये वेगवेगळ्या गोष्टी बारकाईने पाहाव्या लागतात.

यंत्र : किती टेस्लाचे हवे?

चुंबकाची ताकद टेस्लामध्ये मोजतात. आपल्याकडे बहुतेक केंद्रांवर १.५ टेस्लाची यंत्रे असतात, मोठ्या शहरांत ३ टेस्लाचीही असतात. दोन्ही बाजूंनी मोकळी असलेली ‘ओपन’ यंत्रे साधारण ०.२ ते ०.४ टेस्लाची असतात.

३ टेस्लाचे यंत्र घेतलेले बरे, असा सर्वसाधारण समज आहे. त्यात तथ्य आहे : सिग्नल तत्त्वतः दुप्पट मिळतो, त्यामुळे छेद बारीक घेता येतात आणि रज्जूतला छोटा डागही स्पष्ट दिसतो. पण त्याची किंमतही असते. शरीरात शोषली जाणारी रेडिओलहरींची ऊर्जा साधारण चौपट होते, धातूभोवतीची विकृती वाढते आणि मेरुद्रवाच्या हालचालीमुळे पडणारे खोटे डाग जास्त दिसतात. झिजेमुळे दुखणाऱ्या मानेसाठी चांगल्या कॉइलचे (सिग्नल टिपणाऱ्या भागाचे) आणि नीट देखभाल असलेले १.५ टेस्लाचे यंत्र पूर्ण पुरेसे आहे. मानेत प्लेट-स्क्रू असतील तर बऱ्याचदा १.५ टेस्लाच बरे. रज्जूतले बारीक डाग शोधायचे असतील, मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजाराची शंका असेल किंवा मानेखालच्या नसांचे जाळे पाहायचे असेल, तर ३ टेस्लाचा खरा फायदा होतो.

ओपन यंत्रात सिग्नल कमी, म्हणून छेद जाड आणि चित्र दाणेदार. बंद यंत्रात जीव घुसमटतो किंवा शरीर मोठे आहे, अशांसाठी त्याचा उपयोग आहे. पण मानेतली नसेची खिडकी काही मिलिमीटरांची असते; तिच्यासाठी ओपन यंत्र हा पहिला पर्याय नसावा. आजकाल ७० सेंटिमीटर रुंद बोगद्याची १.५ आणि ३ टेस्लाची यंत्रे मिळतात. घाबरणाऱ्या रुग्णाने आधी त्यांची चौकशी करावी.

पायाचे तीन सिक्वेन्स

मानेच्या जवळजवळ प्रत्येक एमआरआयमध्ये बाजूने घेतलेले उभे छेद असतात आणि त्यात तीन सिक्वेन्स महत्त्वाचे.

टी-वन : यात चरबी उजळ दिसते आणि मेरुद्रव काळा. प्रौढांच्या मणक्यातल्या मगजात चरबी असते, म्हणून निरोगी मणका चकतीपेक्षा उजळ दिसतो. कॅन्सरच्या गाठीने किंवा जंतुसंसर्गाने मगजाची जागा घेतली की मणका काळवंडतो. काही मिनिटांचा हा सिक्वेन्स वेळ वाचवण्यासाठी वगळला जाऊ नये, कारण मगजाबद्दल सर्वांत विश्वासाने बोलणारा तोच आहे.

टी-टू : यात मेरुद्रव पांढरा शुभ्र आणि रज्जू राखाडी दिसतो. पाणी धरून असलेली चकती उजळ, सुकलेली चकती काळी. रज्जू कुठे दबला आहे, त्याच्याभोवती द्रवाची पांढरी कड शिल्लक आहे का, रज्जूच्या आत पांढरा डाग आला आहे का, या सर्वांची उत्तरे इथे मिळतात. तो डाग म्हणजे रज्जूला सूज किंवा इजा झाल्याची खूण असू शकते. टी-टूवर पांढरा असलेला भाग टी-वनवर काळाही दिसू लागला, तर इजा जुनी आणि खोल असण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेनंतर किती सुधारणा होईल याचा अंदाज बांधताना शल्यचिकित्सक ही जोडी पाहतात.

स्टर : टी-टूच्या वेगवान आवृत्तीत चरबीही उजळ दिसते. त्यामुळे मणक्यातली सूज त्या उजेडात लपते. स्टरमध्ये चरबीचा सिग्नल दाबून टाकतात आणि सूज तेवढी चमकते. ग्रेम बायडर आणि इयन यंग यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही संसर्ग, अस्थिबंधाची इजा, ताजा अस्थिभंग आणि हाडात पसरलेला कॅन्सर यांसाठी अनिवार्य मानली जाते. तिचे चित्र थोडे दाणेदार असते. गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिल्यानंतर ती वापरत नाहीत, कारण औषधामुळे उजळलेला भागही ती दाबू शकते.

चरबी दाबण्याची दुसरी पद्धत म्हणजे डिक्सन. थॉमस डिक्सन यांनी ती १९८४ मध्ये मांडली. एकाच सिक्वेन्समधून पाण्याचे वेगळे आणि चरबीचे वेगळे चित्र ती देते. मानेसाठी तिचे विशेष महत्त्व आहे. डोके, मान आणि खांदे यांच्या आकारांत मोठा फरक असल्याने तिथे चुंबकीय क्षेत्र एकसारखे राहत नाही आणि चरबी दाबण्याची नेहमीची पद्धत मानेच्या खालच्या टोकाला फसते. तिथे उगीचच उजळ पट्टा दिसतो आणि तो सूज असल्याचा भास होतो. डिक्सन आणि स्टर या दोन्ही पद्धती तिथे अधिक भरवशाच्या आहेत, आणि इंजेक्शननंतर डिक्सन चालते.

आडवे छेद : खरी निवड इथे आहे

उभ्या छेदांत दोष कोणत्या पातळीवर आहे हे कळते. तो मधोमध आहे की बाजूला, रज्जूवर आहे की नसेवर, हे आडव्या छेदांत कळते. मानेसाठी आडवे छेद घेण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत.

पहिली, फास्ट स्पिन एको टी-टू. युर्गन हेनिग यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या वेगवान तंत्रावर ती उभी आहे. तिची चित्रे स्वच्छ असतात, धातूचा त्रास कमी होतो आणि नळीचे माप बरेचसे खरे मिळते. तिचा दोष असा की मानेत मेरुद्रव हृदयाच्या ठोक्यागणिक वरखाली होतो, आणि त्या हालचालीमुळे पांढऱ्या द्रवात काळे ढग उमटतात. नवख्या नजरेला ते गाठीसारखे किंवा फुगलेल्या रक्तवाहिनीसारखे वाटू शकतात. शिवाय चकती आणि हाडाचा काटा दोन्ही गडद दिसत असल्याने त्यांतला भेद अवघड होतो.

दुसरी, ग्रेडियंट एको. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर ती मेडिक, मर्ज, एम-एफएफई अशा नावांनी येते. यात मेरुद्रव एकसारखा पांढरा दिसतो, हालचालीचे ढग जवळजवळ नसतात. रज्जूच्या आतला करडा आणि पांढरा भाग वेगळा ओळखता येतो. चकती तुलनेने उजळ आणि हाड काळे दिसते, म्हणून नसेवर दाब मऊ चकतीचा आहे की हाडाच्या काट्याचा, हे सांगता येते. रज्जूतला रक्तस्रावही या पद्धतीत अधिक ठळक दिसतो. पण हाडाच्या काठावर चुंबकीय विकृतीमुळे काळेपणा फुगतो, आणि खिडकी व नळी आहे त्यापेक्षा अरुंद भासते. शस्त्रक्रियेचा धातू असेल तर चित्रात मोठे काळे भोक पडते आणि ती चित्रे जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. ग्रेडियंट एकोवर ‘खिडकी खूप अरुंद’ दिसली, तर फास्ट स्पिन एकोवर त्याची खात्री करून घ्यावी. फास्ट स्पिन एकोवर रज्जूमागे काळा ढग दिसला, तर ग्रेडियंट एकोवर तो खरा आहे का ते पाहावे. चांगल्या केंद्रावर निदान संशयाच्या पातळीवर तरी दोन्ही पद्धतींचे आडवे छेद घेतात. फक्त ग्रेडियंट एकोच्या आधारावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला जात असेल, तर ‘दुसऱ्या पद्धतीत काय दिसते?’ असे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

त्रिमितीय पद्धत आणि तिरके छेद

नेहमीच्या पद्धतीत छेद साधारण ३ मिलिमीटर जाडीचे असतात आणि दोन छेदांमध्ये थोडी जागा सुटते. त्रिमितीय टी-टूमध्ये मानेचा संपूर्ण ठोकळा एकदम टिपतात, सुमारे १ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक. कंपन्यांनी त्याला स्पेस, क्यूब, व्हिस्टा अशी नावे दिली आहेत. अख्खी पावाची लादी हाती असली की ती हव्या त्या दिशेने कापता येते, तसे या ठोकळ्यातून नंतर संगणकावर उभे, आडवे, तिरके कोणतेही छेद काढता येतात. नसेची खिडकी ४५ अंशांत तिरकी असल्याने तिच्यासाठी हा मोठा लाभ आहे. तिच्या थेट समोरून पाहिले की नसेभोवती चरबी शिल्लक आहे की नस चिरडली आहे, हे स्वच्छ दिसते.

त्रिमितीय पद्धतीची अडचण एकच, पण मोठी. सिक्वेन्स चार ते सात मिनिटे सलग चालतो. त्यात रुग्ण खोकला, हलला किंवा त्याने वारंवार गिळले, तर सगळा ठोकळा बिघडतो. म्हणून खूप दुखणाऱ्या, थरथर असलेल्या किंवा लहान मुलांसाठी साधे द्विमितीय छेदच भरवशाचे. ज्या केंद्रावर त्रिमितीय सोय नाही, तिथे फक्त दुखऱ्या बाजूचे तिरके उभे छेद मागवता येतात. हाताकडे उतरणारे दुखणे स्पष्ट आहे पण नेहमीच्या छेदांत काही सापडत नाही, अशा वेळी ही छोटी भर उपयोगी पडते.

विशेष प्रश्न, विशेष पद्धती

क्षयरोग किंवा संसर्गाची शंका : भारतात ही शंका नेहमी मनात ठेवावी लागते. रात्री वाढणारे दुखणे, ताप, वजन घटणे, भूक मंदावणे आणि मानेचा ताठरपणा एकत्र असतील, तर साधा झिजेचा एमआरआय पुरेसा नाही. क्षयरोगात सुरुवातीला चकती तुलनेने टिकून राहते, मणक्याच्या कडा खाल्ल्या जातात आणि पू पुढच्या अस्थिबंधाखालून वरखाली पसरतो. मानेत तो घशामागे साठला तर गिळताना त्रास होतो. इथे स्टर, इंजेक्शनआधीचा आणि नंतरचा चरबी दाबलेला टी-वन, आणि संपूर्ण पाठीच्या कण्याचे स्टर छेद हवेत. दुसऱ्या पातळीवर लपलेली जागा त्यातच सापडते. अंतिम खात्री मात्र नमुन्याच्या तपासणीतूनच होते.

गाठ, किंवा आधी कॅन्सर झालेला रुग्ण : टी-वन, स्टर आणि गॅडोलिनियम.

शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दुखणे : गॅडोलिनियममुळे व्रणाची ऊती उजळते, पुन्हा सरकलेली चकती सुरुवातीला उजळत नाही; या फरकावर निदान उभे राहते. प्लेट टायटॅनियमची असेल तर विकृती कमी असते, स्टीलची असेल तर जास्त. धातूची विकृती कमी करणारे सेमॅक आणि मॅव्हरिक असे खास सिक्वेन्स काही यंत्रांवर मिळतात. शस्त्रक्रियेचा तपशील आणि बसवलेल्या वस्तूचे कार्ड सोबत न्यावे.

मल्टिपल स्क्लेरोसिस आणि तत्सम आजार : फक्त टी-टू घेतला तर रज्जूतले डाग नजरेतून सुटू शकतात. म्हणून टी-टूच्या जोडीला स्टर, प्रोटॉन डेन्सिटी किंवा पीएसआयआर यांपैकी दुसरा सिक्वेन्स घेतात. मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग सहसा आखूड असतात. तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब डाग दिसला तर न्यूरोमायलायटिस ऑप्टिकासारख्या वेगळ्या आजाराचा विचार होतो, आणि त्यांचे उपचारही वेगळे असतात.

अपघात : हाड मोडले आहे का, हे आधी सीटी स्कॅनवर पाहतात. अस्थिबंध, चकती आणि रज्जू यांसाठी एमआरआय, त्यात स्टर आणि रक्तस्रावासाठी ग्रेडियंट एको. सूज ओसरण्याआधी, शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत, तो झाला तर अस्थिबंधाची इजा नीट दिसते.

तरुण मुलाचा एक हात बारीक होणे : किशोरवयात किंवा विशीत, बहुधा मुलांमध्ये, एका हाताचा पंजा आणि मनगटाकडचा भाग हळूहळू बारीक होत जातो, दुखत मात्र नाही. जपानचे केइझो हिरायामा यांनी १९५९ मध्ये या आजाराचे वर्णन केले; भारतातही तो आढळतो. मान सरळ ठेवून घेतलेला एमआरआय यात जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. मान पुढे वाकवून घेतलेल्या छेदांत रज्जूचे आवरण पुढे सरकून रज्जू दाबताना दिसते. चिठ्ठीवर ‘मान वाकवून’ असे लिहिलेले नसेल तर निदान हुकते.

रज्जूत अचानक रक्तपुरवठा थांबल्याची शंका असेल तर डिफ्यूजन सिक्वेन्स घेतात. मेंदूचा खालचा भाग मानेत उतरला असेल, म्हणजे कियारी विकृती असेल, तर मेरुद्रवाचा प्रवाह मोजणारा फेज कॉन्ट्रास्ट सिक्वेन्स. खांद्याकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्यासाठी एमआर न्यूरोग्राफी. रज्जूतल्या तंतूंची दिशा मोजणारे डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग आशादायक आहे, पण केवळ त्याच्या आकड्यावरून उपचार ठरवण्याइतके ते अजून रोजच्या वापरात रुजलेले नाही.

चिठ्ठीवर अनेकदा ‘होल स्पाइन स्क्रीनिंग’ असेही लिहिलेले असते. मणके अचूक मोजायला, आणि मान व कंबर दोन्हीकडे नळी अरुंद असलेल्या रुग्णांत दुसरी जागा पकडायला ही ओझरती पाहणी उपयोगी आहे. तिला कमरेचा पूर्ण एमआरआय समजू नये.

इंजेक्शन कधी, कधी नाही

झिजेमुळे मान दुखते आहे, हात बधिर होतो आहे, तर पहिल्या एमआरआयला गॅडोलिनियम लागत नाही. ‘इंजेक्शन दिले की चित्र चांगले येते’ ही समजूत चुकीची आहे. संसर्ग, गाठ, रज्जूचा दाह आणि शस्त्रक्रियेनंतरची मान, यांसाठी ते योग्य. द्यायचे असेल तर आधी मूत्रपिंडाच्या कामाची माहिती हवी. ईजीएफआर हा मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा ३०च्या खाली असेल तर औषधाची निवड फार जपून करतात. आज मॅक्रोसायक्लिक प्रकारची औषधे अधिक सुरक्षित मानली जातात. गर्भवती स्त्रियांत अगदी आवश्यक असल्याशिवाय ते देत नाहीत.

तपासणीला जाताना

चुंबक नेहमी चालू असतो. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसांतल्या पिना, ताईत, कमरेचा करदोडा, श्रवणयंत्र, काढता येणारे दात आणि मोबाइल सर्व बाहेर ठेवावे. जरीचे किंवा धातूचा धागा असलेले कपडे टाळावेत, त्यांनी त्वचा भाजू शकते. पेसमेकर, कानातले इम्प्लांट, मेंदूतली क्लिप यांची माहिती वेळ ठरवतानाच सांगावी. लेथ किंवा वेल्डिंगवर काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर आवर्जून सांगावे. नातेवाइकांनी विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका नातेवाइकाचा यंत्राच्या ओढीने मृत्यू झाला होता.

मानेच्या एमआरआयचा सर्वांत मोठा शत्रू गिळण्याची हालचाल. यंत्राचा आवाज चालू असताना शक्यतो गिळू नये, खोकू नये. आवाज थांबला की गिळून घ्यावे. उताणे झोपून मान दुखत असेल तर ते आधीच सांगावे. गुडघ्यांखाली उशी ठेवली की बराच आराम मिळतो. हातात दिलेला रबरी फुगा दाबला की कर्मचारी लगेच येतात. कानाला संरक्षण मागून घ्यावे.

रिपोर्ट वाचताना

सर्वांत जास्त भीती इथे निर्माण होते. ‘डिस्क बल्ज’, ‘डिजनरेशन’, ‘लॉर्डोसिस कमी’ हे शब्द वाचून अनेक जण ‘मणक्यात गॅप पडला’ म्हणून खचतात. १९९० मध्ये अमेरिकेत मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या ६३ जणांचे एमआरआय तपासले गेले. चाळिशीच्या आतल्यांत १४ टक्के आणि चाळिशीच्या पुढच्यांत २८ टक्के चित्रांत मोठा दोष आढळला. जपानमध्ये २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,२११ निरोगी लोकांपैकी ८७.६ टक्के लोकांत चकतीचा फुगवटा होता. म्हणजे वयाबरोबर फुगवटा येणे हे केस पिकण्याइतके साधारण आहे. मानेचा बाक कमी दिसणे तर कित्येकदा यंत्रात झोपण्याच्या पद्धतीमुळेही होते.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधाव्यात. रज्जूचा आकार बदलला आहे का? रज्जूच्या आत सिग्नल बदलला आहे का? आणि दबलेली नस तुमच्या दुखऱ्या हाताच्या बाजूची व त्याच बोटांची आहे का? उजव्या हातात मुंग्या असताना रिपोर्टमध्ये डावी नस दबलेली असेल, तर त्या शोधाला फारसे महत्त्व नाही. याउलट रज्जूतला सिग्नल बदललेला असेल आणि चालताना तोल जात असेल, तर लगेच मेंदू-मणका तज्ज्ञांना भेटावे. रज्जू दबण्याच्या या आजाराचे निदान फार उशिरा होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेलेला आढळला. हाताचा बधिरपणा मनगटातली नस दबल्यामुळे आहे असे समजून बरेच रुग्ण भलत्याच उपचारात अडकतात.

आणि प्रत्येक मानदुखीला एमआरआय लागतही नाही. अलीकडे सुरू झालेली, हातापायांत कमजोरी नसलेली, ताप-वजन घटण्याची खूण नसलेली मानदुखी बहुधा काही आठवड्यांत विश्रांती, व्यायाम आणि साध्या औषधांनी ओसरते. पुढील परिस्थितीत मात्र वाट पाहू नये : हाताची पकड सुटणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरचा ताबा कमी होणे, ताप किंवा वजन घटणे, आधी कॅन्सर झालेला असणे, अपघात.

चिठ्ठीवर हे असू द्या

एमआरआयला जाण्यापूर्वी डॉक्टरांना विनंती करा की चिठ्ठीवर फक्त ‘मानेचा एमआरआय’ न लिहिता पुढील माहिती लिहावी :

- मुख्य तक्रार काय, कोणत्या बाजूला, किती दिवसांपासून;
- नस दबल्याची शंका आहे की रज्जू दबल्याची;
- ताप, क्षयरोग, कॅन्सर, अपघात किंवा आधीची शस्त्रक्रिया;
- शरीरात कोणता धातू किंवा यंत्र आहे;
- इंजेक्शन हवे की नको, आणि मान वाकवून छेद हवेत का.

जुने रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्या. तपासणीनंतर छापील फिल्मवर समाधान मानू नका. सर्व सिक्वेन्स असलेली सीडी किंवा डिजिटल प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. फिल्मवर निवडक चित्रे असतात, दुसरे मत घेताना तज्ज्ञांना पूर्ण मालिका लागतात.

महागड्या यंत्राच्या मागे धावण्यापेक्षा नेमका प्रश्न घेऊन साध्या यंत्राकडे जाणे अधिक फलदायी आहे. १.५ टेस्लावर योग्य प्रश्नासाठी घेतलेले योग्य सिक्वेन्स, ३ टेस्लावर प्रश्नाविना घेतलेल्या सुंदर चित्रांपेक्षा रुग्णाच्या जास्त कामी येतात. तुमच्या लक्षणांची सर्वांत अचूक माहिती तुमच्याकडेच आहे. ती केंद्रावरच्या तंत्रज्ञापर्यंत आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टपर्यंत पोहोचेल, एवढी काळजी मात्र घ्या.